अनुभव धागा: लाँग मिंडचं हेदर

इंग्लंडच्या श्रॉपशरमधलं पठार, सर्वोच्च माथा पोल बँक, 516 मीटर. कारवीसारखी सात वर्षं वाट पाहायची नाही, हेदर हे जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप दर ऑगस्टला फुलतं. वाट, वेळ, जनावरं, चुका, नेमकं माहीत असेल ते लिहा.

नकाशेवाला: चर्च स्ट्रेटन स्टेशनवरून कार्डिंग मिल व्हॅली, मॉट्स रोडने पठारावर, पोल बँक, मग अ‍ॅशेस हॉलोच्या घळीतून लिटल स्ट्रेटन आणि परत. साधारण 12 किमी, चढाई सव्वातीनशे मीटर. ताशी 5 किमी आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा, या हिशेबाने तीन तास होतात. घळीत ओढा पुन्हापुन्हा ओलांडावा लागतो, म्हणून पाच धरा.

घाटवाट: शॉर्टकट नको. हेदर म्हणजे गवत नव्हे, लाकडी काटक्यांचं जाळं. खालचा खड्डा दिसत नाही, घोटा मुरगळतो, वेग निम्म्यावर येतो. सह्याद्रीत घसाऱ्याची भीती, इथे सपाटीची. धुक्यात चारी दिशा सारख्या दिसतात आणि उतार शोधणारा पूर्वेच्या भलत्याच घळीत शिरतो. जानेवारी 1865 मध्ये रेव्हरंड डोनाल्ड कार इथेच वाट चुकून रात्रभर बर्फात अडकले होते, आणि त्यांना हा डोंगर पाठ होता! कागदी नकाशा (1:25,000) आणि होकायंत्र हवंच. अडकलात तर मिनिटाला सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

चंडोल: पायाजवळून फडफडत उडून ‘गो-बॅक, गो-बॅक’ ओरडतो तो रेड ग्राउझ. दोन गोटे आपटल्यासारखा आवाज स्टोनचॅटचा. पक्षी जमिनीवर घरटी करतात, म्हणून 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवरच ठेवायचा, तसा कायदाच आहे. अ‍ॅडर हा विषारी साप, घोणसाच्या कुळातला. वसंतात वाटेवर ऊन खात पडतो, वळसा घालून जा.

पायमोजा: गोचीड विसरलात सगळे. पिल्लू खसखशीएवढं असतं, नेच्याच्या झुडपांतून चिकटतं. पँट मोज्यात खोचा. सापडलं तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, व्हॅसलीन-काडेपेटीचे प्रयोग नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टर गाठा, लाइम रोग असू शकतो.

नकाशेवाला: पश्चिम कडेला ग्लायडरचं मैदान आहे. ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्राची (विंच) तार सुटते तिथे उभं राहून फोटो काढू नका.