मदत हवी आहे: आईला बॅलरॅट आणि कॅसलमेनची जुनी घरं-बागा दाखवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आई वाईहून आमच्याकडे मेलबर्नला येतेय. समुद्रकिनारे आणि मॉल यांत तिला गोडी नाही. जुनं घर आणि जुनी बाग दिसली की मात्र तिचा पाय निघत नाही. वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखतात, सलग पाऊण तासापेक्षा जास्त चालवत नाही. व्हीलचेअरला ती तयार होणार नाही.

ठरवलंय ते असं. पहिला मुक्काम बॅलरॅट, आमच्या व्हिक्टोरिया राज्यातलं शहर. 1851 साली तिथे सोनं सापडलं आणि त्या पैशातून शहर उभं राहिलं, त्यामुळे स्टर्ट स्ट्रीट आणि लिडियार्ड स्ट्रीटवरच्या इमारती गाडीतूनही दाखवता येतील. खरा वेळ द्यायचाय तो वेंडूरी तळ्याकाठच्या वनस्पती उद्यानाला. खाणींच्या शेअर-व्यवहारात पैसा कमावलेल्या थॉमस स्टॉडर्ट यांनी 1884 मध्ये इटलीहून आणवलेले बारा संगमरवरी पुतळे या बागेला दिले. शहराने श्रीमंती अशी झाडांमध्ये आणून उभी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं. उंचच उंच सेक्वोया झाडांची रांग आहे, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचे ब्राँझचे अर्धपुतळे आहेत, आणि मार्चमध्ये काचघरात बेगोनिया फुललेले असतात. आईने कुंडीतला साधा बेगोनिया वर्षानुवर्षं जपलाय. कंदाच्या बेगोनियाची ती मोठाली फुलं तिला दाखवायचीच आहेत.

इथे पहिली अडचण. बेगोनिया महोत्सव इथल्या मार्चमधल्या कामगार दिनाच्या जोडसुट्टीला असतो आणि तेव्हा गर्दी असणार. महोत्सव संपल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी गेलं तर फुलं तितकीच चांगली असतात का? पण मधल्या वारी गेलं तर बागेजवळची जुनी ट्राम हुकेल, कारण ती मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना धावते. ट्रामची पायरी किती उंच असते? आधाराला दांडा आहे का? आईला चढता येणार नसेल तर गर्दीचा शनिवार धरण्यात अर्थ नाही.

दुसरा मुक्काम कॅसलमेन, व्हिक्टोरियातलंच जुनं गाव, आणि माझा जास्त जीव तिथल्या एका घरात अडकलाय. तिथलं 'बुडा' हे घर 1861 मध्ये रेव्हरंड जेम्स स्मिथ यांनी बांधलं. ते भारतात काम केलेले बॅप्टिस्ट मिशनरी; भारतातल्या बंगल्यांच्या धर्तीवर घर उभारून त्यांनी त्याला 'दिल्ली व्हिला' नाव दिलं. 1863 मध्ये ते घर हंगेरीहून आलेल्या अर्नेस्ट लेव्हिनी या चांदी-कारागिराने घेतलं, पुढे वाढवलं. त्यांच्या अविवाहित मुलींनी घर आणि बाग सांभाळली. शेवटची, हिल्डा, 1981 मध्ये गेली. म्हणजे एकाच कुटुंबाचा 118 वर्षांचा संसार. लाकडावरचं कोरीवकाम, धातूकाम, भरतकाम सगळं मुलींच्या हातचं, आणि ते त्याच खोल्यांत मांडलेलं आहे. वाड्यात वाढलेल्या बाईला हे घर कळेल, याची मला खात्री आहे.

ज्यांनी बुडा पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: आत फिरताना बसायला जागा मिळते का, की सगळ्या खुर्च्या दोरीपलीकडे? बागेतल्या वाटा खडीच्या आणि चढाच्या आहेत का? सायप्रसच्या झाडांचं ते प्रचंड कापीव कुंपण फाटकापासून किती आत आहे? तिथले माळी किंवा स्वयंसेवक गप्पा मारतात का? आईला इंग्रजी कमी येतं, पण कलमं आणि छाटणी याबद्दल ती खुणांनीही बोलेल; दुभाषाचं काम मी करेन.

प्रवासाचंही विचारायचंय. बॅलरॅट आणि कॅसलमेन यांच्यामध्ये थेट प्रवासी रेल्वे नाही, म्हणून गाडी नेतोय. डेल्सफर्डवरून जाणारा रस्ता वळणांचा आहे का? आईला गाडी लागते. फार वळणं असतील तर मेलबर्नला परतून दुसऱ्या वेळी बेंडिगोच्या ट्रेनने कॅसलमेनला उतरू. तसं केलं तर स्टेशनवरून बुडापर्यंत टॅक्सी सहज मिळते का?

बेंडिगो शहर या खेपेला सोडतोय. तिथल्या फॉर्च्युना व्हिला या जुन्या हवेलीचा मोह आहे, पण ती खासगी मालकीची आहे आणि आईची दमछाक करायची नाही.

आणि बॅलरॅटमध्ये बागेच्या जवळ, जिना नसलेली, स्वयंपाकघर असलेली राहायची जागा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. आईला सकाळी साडेपाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो.