मारिओ कार्ट वर्ल्ड: शर्यतीत जीव अडकलाय, पण मोकळ्या जगात रमत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. निन्टेंडोचं स्विच २ हे गेमिंग यंत्र घरी येऊन दीड महिना झाला. तेव्हापासून मारिओ कार्ट वर्ल्ड हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सोडून दुसरा लावलेला नाही. तरी हा धागा काढतेय, कारण गेम आवडला का असं धाकट्या भावाने विचारलं आणि मला धड हो म्हणता आलं नाही, धड नाहीही म्हणता आलं नाही.

आधी माझी पार्श्वभूमी सांगते. याच मालिकेतला आधीचा मारिओ कार्ट ८ डिलक्स मी वर्षानुवर्षं खेळले. नंतर आलेले जादाचे ट्रॅक धरून त्यात ९६ ट्रॅक आहेत आणि त्यातले बरेचसे मला तोंडपाठ आहेत. त्या खेळाची गोडी माझ्यासाठी तीन फेऱ्यांमध्ये होती. पहिल्या फेरीत ज्या वळणावर भिंतीला घासले, तिथे दुसऱ्या फेरीत अलीकडूनच ड्रिफ्ट (गाडी घसरवत वळणं, ठिणग्या वाढतील तसा पुढे जास्त वेग मिळतो) धरायचा आणि तिसऱ्या फेरीत ठिणग्या जांभळ्या होईपर्यंत तो सोडायचा नाही. एकच वळण तीनदा समोर येतं म्हणून ते आपलं होतं.

नव्या गेममध्ये नॉकआउट टूरने मला वेड लावलंय. २४ गाड्या एकदम सुटतात, सहा टप्पे असतात, आणि प्रत्येक चौकीवर मागचे चार बाद होतात. म्हणजे आधी पहिल्या २० जणांत यायचं, मग १६, १२, ८, आणि शेवटी ४. परवा दुसऱ्या चौकीच्या तोंडाशी मी सतरावी होते. हातात एकच मशरूम (क्षणभर वेग वाढवणारी वस्तू) होता. कमान दिसेपर्यंत तो दाबून ठेवला, अगदी शेवटी वापरला आणि सोळावी होऊन आत गेले. पुढच्याच चौकीवर बाद झाले, पण हात थरथरत होते. इतकी मजा मला या मालिकेत पूर्वी कधी आली नव्हती.

ट्रॅकही सुंदर आहेत. बू सिनेमात गाडी सरळ पडद्यात शिरते आणि सगळं कृष्णधवल होतं. डीके स्पेसपोर्टवर तर १९८१ च्या डाँकी काँगसारखं वरून लोटलेली पिंपं चुकवत चढायचं असतं.

आता अडचण. ग्रां प्रीमध्ये, म्हणजे ओळीने होणाऱ्या शर्यतींच्या स्पर्धेत, पहिली शर्यत ट्रॅकवर होते. दुसरीपासून मात्र आधीच्या ट्रॅकवरून पुढच्या ट्रॅकपर्यंत गाडी हाकत जायचं आणि तिथे पोचलं की जेमतेम एक फेरी मिळते. वाटेतला रस्ता रुंद आणि बराचसा सरळ असतो. ज्या ट्रॅकवर इतकी मेहनत घेतलीय, तो ओळखीचा होईपर्यंत शर्यत संपलेली असते. जेवायला पंगतीत बसावं आणि पहिल्या वाढपालाच पान उचललं जावं, तसं होतं मला.

आणि फ्री रोम, म्हणजे शर्यत नसताना मोकळ्या जगात भटकणं. पहिल्या दिवशी हरखून गेले होते. दिवस मावळतो, पाऊस येतो, मागे जुन्या मारिओ गेममधल्या चाली नव्याने वाजत असतात. पण वीसेक मिनिटांनी मी नुसतीच गाडी पळवत असते. निळे पी स्विच दाबले की छोटी कामगिरी मिळते, ती पुरी केली की स्टिकर मिळतो. पीच मेडल आणि प्रश्नचिन्हाच्या पाट्याही शोधायच्या असतात. शोधते, पण ओढ लागत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फ्री रोममध्ये तुम्ही नेमकं काय करता? आणि जुन्या पद्धतीच्या तीन फेऱ्या हव्या असतील तर कुठे मिळतात? चार्ज जंप (बटण दाबून धरून सोडलं की गाडी मारते ती उडी) मला अजून नीट जमत नाही, त्याचाही याच्याशी संबंध असेल का?

प्रतिसाद १

फेऱ्यांसाठी टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने वेळेशी शर्यत, लावा. तिथे प्रत्येक ट्रॅक अखंड मिळतो आणि घोस्टच्या (आधीच्या धावेच्या सावलीच्या) मागे लागून मार्ग पक्का होतो. ऑनलाइन व्हीएसमध्येही (इतर खेळाडूंशी सुट्या शर्यती) जुलै २०२५ च्या अपडेटनंतर फेऱ्यांचे ट्रॅक निवडीत जास्त वेळा येतात. पूर्वी यावरून खूप ओरड होती.

प्रतिसाद २

चार्ज जंपचा संबंध आहे, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. मीही महिनाभर तुमच्यासारखाच वैतागलो होतो. तुम्हाला जो रस्ता सरळ आणि रिकामा वाटतोय, त्याच्या कडेचा कठडा, वरची वीजवाहिनी, बोगद्याची भिंत, हे सगळं गाडी चालवायचंच आहे. चार्ज जंप येत नसेल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नसतं आणि उरतं ते फक्त डांबर.

जमवायचं असं. सरळ जाताना ड्रिफ्टचंच बटण दाबून धरा, वळू नका. ठिणग्या जमायला थोडा वेळ लागतो, म्हणून कठडा जवळ आल्यावर दाबून उपयोग नाही, बराच अलीकडे दाबायचं. सोडलं की गाडी उडते. कठड्यावर पडली की आपोआप घसरत जाते, तिथून पुन्हा उड्या मारता येतात आणि प्रत्येक उडीला थोडा वेग मिळतो. भिंतीच्या दिशेने उडालात तर चाकं भिंतीला चिकटतात. शर्यतीत हे शिकायला जाऊ नका, मागून २३ जण येत असतात. फ्री रोममध्ये व्हिसलस्टॉप समिट या ट्रॅकच्या आसपास जा, तिथे रूळ आणि तारा भरपूर आहेत. चुकलं की रिवाइंड करा, म्हणजे गाडी काही क्षण मागे न्या, आणि तीच उडी परत मारा. रिवाइंड एकट्याने खेळायच्या शर्यतीतही चालतं, पण तिथे मागे फक्त आपण जातो, बाकीचे पुढे पळतच राहतात. फ्री रोममध्ये ती धास्ती नाही.

पी स्विचकडेही तसंच बघा. स्टिकरसाठी कशाला खेळायचं, गाडीवर एका वेळी एकच तर लागतो. पण त्या कामगिरीतली निळी नाणी ज्या वाटेने मांडलेली असतात, ती वाट बऱ्याचदा चोरवाट निघते.

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं सांगते. वर दिलेला सल्ला चांगलाच आहे, पण धागाकर्तीची तक्रार खोटी नाही. त्या जगात माणसाला थांबवून ठेवील असं कमी आहे. मी ते रोज दहा मिनिटं, संध्याकाळी फिरायला निघावं तसं खेळते. मागून ट्रकमध्ये शिरलं की तो ट्रकच चालवता येतो, हे मला असंच भटकताना कळलं. तास दोन तास बसायचा हट्ट धरलात तर कंटाळा येणारच.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. चार दिवस करून बघितलं, म्हणून उशिरा लिहितेय.

पहिले दोन दिवस नुसती आपटत होते. बटण लवकर सोडायची सवय मोडेना. मग स्टेशनजवळच्या एकाच रुळावर ठाण मांडलं. उडी, रिवाइंड, उडी, रिवाइंड. तीसेक वेळा तरी केलं असेल. मग एकदा गाडी रुळावर अलगद टेकली, खालून ठिणग्या उडाल्या, मी पुन्हा उडी मारली आणि शेजारच्या रुळावर गेले. भाऊ बाजूला बसला होता, तोही ओरडला. जुन्या गेममधलं तेच वळण तीनदा घेण्याचं सुख मला इथे मिळालं, फक्त फेरी मी स्वतः आखली होती.

काल त्याच भागातून नॉकआउटची वाट गेली. सगळे रस्त्याने गेले आणि मी रुळावरून. चौदावीची नववी झाले.

ग्रां प्रीबद्दल माझं मत बदललेलं नाही. एक फेरी कमीच पडते, आणि त्यासाठी टाइम ट्रायलच लावतेय. तिथे कुणी लाल कवच (पुढच्या गाडीवर सोडायचं अस्त्र) मारत नाही म्हणून जरा सुनं वाटतं, पण ट्रॅक ओळखीचे होताहेत.

आता एकच अडलंय. एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर उडी मारताना गाडी मध्येच खाली पडते. भिंतीवर चाकं टेकल्या टेकल्या पुन्हा उडायचं, की थोडं पुढे जाऊन?