मदत हवी आहे: फोटो क्लाउडवर आहेत, बाबांचा फोन रिसेट मारू का?

गावभागातली_लेक
घाईत लिहितेय. बाबांचा जुना फोन उद्या एक्सचेंजला द्यायचाय. बॅकअप चालू आहे. रिसेट मारला तर फोटो राहतील ना? हो की नाही एवढंच सांगा. दादा म्हणतो घरचे फोटो क्लाउडवर ठेवूच नको, हार्ड डिस्क घे.

मिरज_जंक्शन
आयफोन की अँड्रॉइड? क्लाउड म्हणजे गूगल फोटोज की आणखी काही? खातं कुणाच्या नावावर? एवढंही न सांगता हो-नाही कसं सांगायचं ताई?

गावभागातली_लेक
अँड्रॉइडच. गूगल फोटोज. खातं बाबांचं. पासवर्ड त्यांना आठवत नाही, पण फोनमध्ये लॉगिन आहेच की.

मिरज_जंक्शन
मग थांबा! रिसेट केलं की ते लॉगिन गेलं. नवीन फोन पासवर्ड मागणार. जुना हातात आहे तोवर पासवर्ड बदला, वहीत लिहा, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का बघा. बरेच जण इथंच अडकतात.

विश्रामबाग_काका
दादाचं बरोबर आहे. एक टीबीची डिस्क आणा, विषय संपला. आधी गूगलनं फोटोंना जागा फुकट देऊन सवय लावली, मग १ जून २०२१ पासून १५ जीबीचं कुंपण घातलं. जीमेल आणि ड्राइव्हही त्यातच.

हळदीचं_पोतं
काका, २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमची डिस्क लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. वरच्या कप्प्यातल्या साड्या कोरड्या राहिल्या. डिस्कमधून गाळ निघाला.

विश्रामबाग_काका
आमच्याकडं पाणी येत नाही.

हळदीचं_पोतं
मग सगळ्या सांगलीच्या डिस्का तुमच्या माळ्यावर आणून ठेवू काय?

नियम_वाचणारा
पुराचं सोडा, खातंच बंद झालं तर? अमेरिकेत एका बापानं डॉक्टरला दाखवायला आजारी मुलाचा फोटो काढला. गूगलच्या यंत्रणेनं तो आक्षेपार्ह ठरवून खातं बंद केलं. पोलिसांनी निर्दोष म्हटलं तरी खातं परत मिळालं नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलंय. शिवाय खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते पुसू शकतं. म्हणून एक प्रत क्लाउडवर, एक घरी. दोन्ही हवं.

अल्बमवाली_मावशी
मी तर म्हणते चांगले शंभर फोटो निवडून स्टुडिओत प्रिंट काढा. लग्नाचा अल्बम हातात घेऊन बघण्यात जी मजा आहे ती फोनमध्ये नाही.

हळदीचं_पोतं
मावशी, २००५ च्या पुरात आमच्या अल्बमची पानं अशी चिकटली की सोडवताना नवरीचा चेहरा समोरच्या पानावर गेला.

रिपेअर_राजा
सोप्पंय. आधी फोटोज ॲपमधले सगळे फोटो सिलेक्ट करून डिलीट मारा, मग रिसेट. दुकानदाराच्या हाती काही लागायला नको.

मिरज_जंक्शन
अहो नको! बॅकअप चालू असताना तिथून डिलीट केलं तर क्लाउडवरूनही जातात. ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतात, मग कायमचे गेले. फक्त फोन मोकळा करायचा तर "फ्री अप स्पेस" वेगळं आहे. इथं नुसतं रिसेट पुरे.
आणि ताई, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं काय? फोटोज ॲप आपणहून फक्त कॅमेऱ्याचे चढवतं. व्हॉट्सॲपचं फोल्डर बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं. दुसऱ्या मोबाइलवर बाबांचं खातं उघडून बघा, दिसतात का.

गावभागातली_लेक
बघितलं. पासवर्ड बदलला. पण आजीच्या पंच्याहत्तरीचा एकही फोटो नाही!! ते सगळे काकूनं व्हॉट्सॲपवर पाठवलेले. आता फोल्डर चालू केलं तर जागा भरली म्हणतंय.

मिरज_जंक्शन
केबल लावा आणि व्हॉट्सॲप इमेजेसचं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. क्लाउडचं नंतर बघू. जागा हवीच असेल तर एका महिन्याचा प्लॅन घ्या.

विश्रामबाग_काका
म्हणजे शेवटी डिस्कच ना!

गावभागातली_लेक
कॉपी चाललंय, खूप वेळ दाखवतंय. दुकानात फोन करून परवा येते म्हणून सांगितलं.

रिपेअर_राजा
एक्सचेंजला किती देतोय? माझ्याकडं पण एक पडून आहे, डिस्प्लेला चरा गेलाय.