‘शोषण’ की ‘स्थिरीकरण’? आणि सी-३, सी-४ मधला आकडा कशाचा?

प्रश्न : झाडं कार्बन डायऑक्साइड ‘शोषून घेतात’ असं आपण सर्रास लिहितो. एका लेखाचं भाषांतर करताना मात्र जागोजागी ‘कार्बन स्थिरीकरण’ हवं, असा आग्रह दिसला. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि ‘सी-३ वनस्पती’, ‘सी-४ वनस्पती’ यांतला आकडा कसला?

उत्तर : एकच नाही, आणि हा भेद जपायलाच हवा. मुळांनी शोषलेलं पाणी आत गेल्यावरही पाणीच असतं. पर्णरंध्रांतून आत आलेला हा वायू मात्र वायू राहत नाही; त्यातला कार्बन पानातल्या एका रेणूला जोडला जातो. त्या जोडणीला स्थिरीकरण म्हणायचं, जसं नत्राचं स्थिरीकरण. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दातही ‘श्लेष’ म्हणजे जोडच आहे.

आकडा आहे जोडणीनंतरच्या पहिल्या टिकाऊ पदार्थातल्या कार्बन अणूंचा. भात, गहू, सोयाबीन यांत रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) पाच कार्बनांच्या रेणूला सहावा कार्बन जोडतं. तो रेणू लगेच दुभंगतो आणि तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू मिळतात. म्हणून सी-३. हा मार्ग उलगडल्याबद्दल मेल्विन काल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

प्रश्न : मग ऊस, मका, ज्वारीत चार का?

उत्तर : रुबिस्कोची एक खोड आहे : ते चुकून ऑक्सिजनही धरतं, उन्हाच्या तडाख्यात तर जास्तच. त्यातून प्रकाशश्वसन होतं, म्हणजे उजेडातच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि मिळवलेला कार्बन काही अंशी निसटतो. उसात आधी दुसरंच विकर, ऑक्सिजनला न भुलणारं, चार कार्बनांचं आम्ल बनवतं. ते आम्ल शिरांभोवतीच्या पेशींत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रुबिस्कोला भरपूर मिळतो. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हा मार्ग मांडला. शिरांभोवतीच्या या रचनेला ‘क्रान्झ’ म्हणतात. जर्मनमध्ये त्याचा अर्थ फुलापानांचं गोल कडं. मला मराठीत ‘कडं’च आवडेल, ‘पूल आवरण’पेक्षा (इथे पूल म्हणजे जुडी) ते चटकन डोळ्यांपुढे उभं राहतं.

प्रश्न : आणि ‘कॅम’? तिथे आकडा नाही.

उत्तर : नाही, कारण ‘कॅम’ म्हणजे ‘क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम’; ते नाव कार्बनांच्या संख्येवरून नाही, पानफुटीच्या कुळावरून (क्रॅसुलेसी) आणि आम्लावरून पडलं. निवडुंग, अननस, घायपात यांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. रात्री धरलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो, दिवसा रंध्रं मिटून तो वापरला जातो. पहिलं आम्ल इथेही चार कार्बनांचंच; पण उसात दोन कामं दोन जागी होतात, इथे दोन वेळी. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी चाखून टिपलं होतं. ते १८१५ मध्ये छापून आलं. तेव्हा कृपया ‘कॅम’चं भाषांतर करताना ‘आम्ल’ गाळू नका, शोधाची सुरुवातच त्या चवीतून झाली.