शब्दचर्चा: एनॅमलला मुलामा म्हणायचं का?

जुन्या फ्रेंच धार्मिक दागिन्यांवर लिहितेय, मेरीचं चित्र असलेली पदकं, छोटे क्रूस वगैरे. एनॅमलला मराठीत काय लिहू? एकांनी मुलामा सुचवलंय.

---

मुलामा अजिबात नको. मुलामा म्हणजे वरून चढवलेलं सोन्याचांदीचं पाणी, आणि एनॅमल ही चक्क काच असते, रंगीत काचेची पूड धातूवर पसरून साधारण ८०० अंशांच्या भट्टीत वितळवलेली. आपले सोनार मीना म्हणतात तेच हे. एनॅमलच्या फ्रेंच शब्दाचं, 'एमाय'चं, मूळही वितळणे अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दात आहे, सो मीनाकाम बिनधास्त लिहा.

---

पण मीनाकाम म्हटलं की जयपूर आठवतं, खड्डे कोरून रंग भरलेलं. मेरीच्या पदकावर तर सरळ चित्रच काढलंय की!

---

दोन्ही प्रकार फ्रान्समधल्या लिमोज शहराचेच आहेत, फक्त काळ वेगळा. १२व्या-१३व्या शतकात तिथे तांब्यात खड्डे कोरून मीना भरायचे, त्याला शाँलव्हे म्हणतात, म्हणजे जयपूरच्या जवळचं. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेटचा ११७० मध्ये खून झाला ना, त्याच्या अवशेषांसाठी केलेली तसली एक पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रं आली १५व्या शतकाच्या अखेरीस. अख्खा पत्रा मीन्याने झाकायचा न मग थरावर थर देत परत परत भाजायचं, जास्त उष्णता लागणारे रंग आधी आणि नाजूक शेवटी, नाहीतर आधीचं काम बिघडतं. ग्रिझाय नावाच्या प्रकारात तर काळ्या तळावर नुसता पांढरा, पातळ थर दिला की खालचा काळा डोकावतो आणि सावली तयार, मला तरी रंगीतपेक्षा हेच भारी वाटतं. तुम्ही 'चित्रित मीना' लिहा.

---

आणि पदकाच्या मागे पण मीना असतो, काँत्र-एमाय, त्याला पाठमीना चालेल का? कुंदनच्या दागिन्याला पण मागून मीना असतोच.

---

चालेल, पण कारण वेगळं आहे हे लिहा. कुंदनला मागून असतो तो मुख्यतः शोभेसाठी, इथे गार होताना तांबं न काच सारखे आकसत नाहीत म्हणून पत्रा वाकतो, काच तडकते, मागच्या थराने तो ताण सावरला जातो.

---

मस्त, पाठमीना घेतला. आता प्लीक-आ-जूर राहिलं, मागे पत्राच नसतो, उजेड आरपार जातो. जाळीचा मीना?

---

जाळीत भोकं रिकामी असतात हो, इथे काचेने भरलेली. 'आरपार मीना' कसं वाटतं?