मदत हवी आहे : कौलारू घरात वाशांवरून येणारे उंदीर कसे थांबवावेत?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमचं जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं जुनं घर आहे. आई-बाबा दोघंच असतात, दोघांचीही सत्तरी उलटलीय. मी पुण्यात. कौलारू घर म्हटलं की उंदीर आलेच, पण यंदा भात झोडून घरात आल्यापासून त्यांनी उच्छाद मांडलाय. गेल्या खेपेला गेले तर आईने तांदळाचं प्लॅस्टिकचं पिंप दाखवलं. झाकणाच्या कडेला चंद्रकोरीएवढी खाच कुरतडलेली, आत तांदळात लेंड्या आणि मुताचा वास. वीसेक किलो तांदूळ तिने गुरांनाही घातला नाही, परसात खड्डा करून पुरला. घरच्या शेतातला तांदूळ होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

रात्री बॅटरी घेऊन माळ्यावर चढले. एका वाशावर काळपट, तेलकट पट्टा दिसला, बोटाला चिकट लागणारा. उंदीर रोज त्याच वाटेने जातात, अंगाचा मळ लाकडाला लागत राहतो. पट्टा थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत जातो. तिथे दोन वाशांच्या मधली जागा उघडीच आहे, वारा खेळता राहावा म्हणून पूर्वीपासून तशीच ठेवलेली. माझी मूठ आरपार जाते. लेंड्या अर्ध्या इंचाच्या आसपास, टोकांना निमुळत्या. म्हणजे हे लहान चिटुकले उंदीर नव्हेत, माडावर चढणारे, छपरात राहणारे मोठे उंदीर आहेत. फणसाची एक फांदी कौलांना टेकली होती, ती तोडून घेतली.

पिंजरा लावला. पहिले चार दिवस काही नाही. मग शेजारच्या काकांनी सांगितलं, की पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेव, आत भाजलेलं खोबरं टाकत राहा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, सवय झाली की आत शिरतो. तसं केलं, भिंतीला लागून ठेवला, तर आठवड्यात तीन सापडले. पण मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-सात पिल्लं सहज देते. नुसतं पकडून हे संपणार नाही, वाट बंद व्हायलाच हवी.

विष कृपया सुचवू नका. दुकानात मिळणाऱ्या ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात. तोवर तो अर्धमेला फिरतो आणि मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी सापडतो. आमच्याकडे मांजर आहे, मागच्या आंब्यावर गव्हाणी घुबडांची जोडी आहे. त्यांच्या पोटात ते विष गेलेलं मला चालणार नाही. चिकट पुठ्ठाही नको. एकदा लावला होता, अडकलेला उंदीर रात्रभर ओरडत होता, आईला ते सहन झालं नाही.

आणखी एक काळजी आहे. उंदरांमागे साप येतात. पडवीत धामण दिसली, तिला आम्ही जाऊ दिलं. पण घोणसही त्याच भक्ष्यामागे येते, आणि आई पहाटे अंधारात न्हाणीघरात पाणी तापवायला जाते.

आता नेमकं विचारायचं ते. वाशांमधल्या त्या जागेला वारा न अडवता जाळी बसवायची आहे. लहान उंदराला पाऊण सेंटीमीटरची फट पुरते, म्हणून पाव इंची वेल्डेड जाळी घ्यावी असं वाटतं. पण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किती पावसाळे टिकते? स्टीलची घेतली तर खर्च वसूल होतो का? ती जांभ्यात आणि लाकडात पक्की कशी करता? पावसात वासे फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, मग कडेला फट पडत नाही का?

दुसरं, गोठ्याकडच्या जोत्यात घूस आहे. चिऱ्यांच्या दरजा मातीच्या असल्याने ती सहज उकरते. सिमेंटमध्ये काचा घालून बीळ बुजवलं, पंधरा दिवसांत हातभर अंतरावर नवा मातीचा ढीग. जोत्यालगत जमिनीत जाळी उभी पुरलेली कुणी पाहिलीय का? किती खोल?

धान्यासाठी पत्र्याची कोठी घेतली, तो प्रश्न मिटला.

भर : प्रतिसादांत लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आणि कातडीवरच्या भेगा-जखमांतून शिरणारा ताप) सांगितल्याबद्दल मनापासून आभार. लेंड्या आई कोरड्याच केरसुणीने झाडत होती. आता आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसते. बाबांच्या टाचांना भेगा आहेत, त्यांना गोठ्यात गमबूट घालायला लावलेत. सुताराकडून करून घेतलेल्या जाळीचा फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका. मे महिन्यात कौलं परतायची आहेत, वाशांना हात लावायचा तर तेव्हाच, त्यामुळे सामान एप्रिलमध्येच गावी पोचवायला हवं.