शब्दचर्चा: सॉफ्टवेअरच्या 'सीट'ला मराठीत काय म्हणायचं?

पंपवाला
आमची पंपांची कंपनी आहे सांगलीजवळ. गिऱ्हाईकांचे फोन, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं एकाच ठिकाणी यावं म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. कोटेशन आलं, शेठचं फर्मान सुटलं की मराठीत मांडून आण. पहिलीच ओळ, 12 सीट, दर सीट दरमहा, वर्षाचे पैसे आगाऊ. मी 'आसन' लिहिलं तर शेठ म्हणाले खुर्च्या कशाला, आहेत की आपल्याकडे. 'एजंट' लिहावं तर एलआयसीवाला डोळ्यासमोर येतो. 'वापरकर्ता' बरा वाटतो पण सॉफ्टवेअर तर गिऱ्हाईकही वापरणार, त्याचे पैसे थोडेच पडतात. सुचवा काहीतरी.

अर्धाकप
सीटच ठेवा की. सांगलीचे ना तुम्ही, वडाप माहितीय ना, माणसं भरून नेणारी जीप? "एक सीट, एक सीट" म्हणून ड्रायव्हर ओरडतो तेव्हा त्याला जागा नको असते, माणूस हवा असतो. "चार सीट भरले, निघू" म्हणजे चार माणसं. सॉफ्टवेअरवालेपण डोकीच मोजतात, खुर्च्या नाही. शेठना वडाप सांगा, लगेच कळेल.

गिरणगावकर
अर्धवट बरोबर. सीट दोन प्रकारची असते आणि पैशाचा सगळा खेळ तिथेच आहे. एक नावावरची, म्हणजे एसटीचं रिझर्व्हेशन, तुम्ही बसा नाहीतर बसू नका पैसे गेले. दुसरी एका वेळी किती जण आत, एवढंच मोजणारी. हिच्यासाठी आमच्याकडे जुना शब्द आहे, कॉट. गिरण्या चालू होत्या तेव्हा एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. माणसं दोन, जागा एक. तुमच्या 12 जणांच्या पाळ्या आहेत का?

पंपवाला
आहेत ना! तीन पाळ्या, दर पाळीला चार जण. म्हणजे समजा सीटला महिना 1,000 धरले (खरा आकडा देत नाही) तर नावावर 12,000 आणि कॉटवर 4,000. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,160 आणि 4,720. वर्षाला गुणा म्हणजे डोळे पांढरे होतात. मी विचारलं त्यांना, तर म्हणे आमच्याकडे नावावरचीच. मग आमच्या एका हुशार माणसाने सुचवलं चार लॉगिन घेऊ आणि पासवर्ड भिंतीवर लावू 😅

गिरणगावकर
नका करू. एकतर करारात तेच मना केलेलं असतं, शिवाय गिऱ्हाईकाला उद्धट उत्तर कोणी दिलं हे उद्या शोधायचं झालं तर चारही लॉगिन तुमच्याकडे बघत बसतील. कॉटचा परवाना देणारे आहेत काही, पण तिथे एकाचा दर चढा असतो, तेव्हा सरळ 12 भागिले 3 करू नका. आणि अधूनमधून लागणाऱ्या माणसाला फ्रेशडेस्क या अशाच सॉफ्टवेअरमध्ये दिवसाचा पास मिळतो, खानावळीतलं पाहुण्याचं ताट समजा.

वकीलबाई
'परवाना'बद्दल थोडं. शब्द फारसीतून आलाय, परवानगी त्याचीच बहीण. सरकारी मराठीत लायसन्सला अनुज्ञप्ती म्हणतात, आरटीओत शिकाऊ अनुज्ञप्ती वाचली असेलच, वाचून जीभ अडकलीही असेल. पण अर्थ समजायला लिव्ह अँड लायसन्स बघा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम 52, लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करायची नुसती परवानगी, मालमत्तेत हक्क तयार होत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच, घर त्यांचं, तुम्ही राहताय. जुन्या पद्धतीत एकदाच मोठी रक्कम द्यायची, मग दरवर्षी थोडी देखभाल, ती जवळपास पागडी. आताचं दरमहा म्हणजे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भाडं थांबलं की बाहेर. सामान, म्हणजे तुमच्या जुन्या तक्रारींचा डेटा, किती दिवसांत आणि कशा रूपात न्यायला मिळेल ते सहीच्या आधी विचारा.

पंपवाला
पागडी आवडली, आणि देखभालीला आम्ही एएमसीच म्हणतो, आम्हीच विकतो पंपांवर! मग फुकटवाल्यांचं काय, ओएसटिकेट, झमाड वगैरे?

रिकामटेकडी
त्याला 'फुकट' नका लिहू, 'मुक्त' लिहा. ओएसटिकेट जीपीएलखाली आहे, झमाड एजीपीएलखाली, दोन्ही कोणालाही वापरू देणारे मुक्त परवाने, सीट मोजायला कोणी येत नाही. पण सर्व्हर, बॅकअप, आणि रविवारी बंद पडलं तर उठवणारा माणूस, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. तुमच्याकडे तसा माणूस असेल तर खुशाल घ्या, नसेल तर भाडं परवडतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. आता गिऱ्हाईकाला आपोआप उत्तर देणारे बॉट आलेत, त्यांना सीट नाही, ते 'रिझोल्यूशन'वर पैसे घेतात. इंटरकॉम कंपनीचा फिन नावाचा बॉट 2023 मध्ये आला तो एका सुटलेल्या प्रश्नाला 99 सेंट असा दर घेऊन. याला मराठी काय? निवारण?

अर्धाकप
निराकरण?

वकीलबाई
'निकाली काढणे'. ऑफिसात आयुष्य गेलंय माझं, अर्ज निकाली निघाला म्हणजे काम झालंच असं नसतं, फाइल बंद झाली एवढंच.

रिकामटेकडी
अगदी अगदी! कारण त्यांच्या हिशेबात गिऱ्हाईक "हो झालं काम" म्हणालं तरी सुटलं, आणि उत्तर वाचून पुढे काही न विचारता निघून गेलं तरी सुटलं. आता तो समाधानाने गेला की वैतागून, ते त्यालाच माहीत. 'निकाली' मध्ये दोन्ही बसतात.

पंपवाला
लिहिलं. सीट (वडापसारखं डोक्यावर), निकाली दर, एएमसी. शेठनी कागद बघितला, 'आगाऊ' शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं वर्षाच्या मधे दोन माणसं सोडून गेली तर दोन सीटचे पैसे परत का? विक्रीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला सीट मधे वाढवता येतात, कमी फक्त रिन्यूअलला. यासाठी आहे का शब्द?

गिरणगावकर
आहे, पण इथे लिहिता येणार नाही.